फालमथ: जहाजाच्या मापानं खोदलेलं बंदर

२०११ च्या मार्चमध्ये जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या फालमथ गावात ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ हे जहाज धक्क्याला लागलं. त्या वेळी त्याहून मोठ्या वर्गाचं प्रवासी जहाज जगात नव्हतं. लांबी ३६० मीटर, सगळ्या खोल्या भरल्या तर सहा हजारांवर प्रवासी, शिवाय दोन हजारांहून जास्त कर्मचारी. फालमथची स्वतःची वस्ती आठ-दहा हजारांच्या घरातली. गावाच्या जवळपास बरोबरीनं माणसं सकाळी दारात येणार आणि संध्याकाळी परत जाणार, या हिशेबावर इथलं नवं बंदर उभं राहिलं.

त्यासाठी सुमारे २२ कोटी अमेरिकी डॉलर लागले. समुद्रतळ खोदला, भराव टाकून नवी जमीन केली, प्रवाळ उचलून दुसरीकडे लावलं. जहाजासाठी जे जे ठरलं होतं, ते वेळेत आणि नेमकेपणानं पार पडलं. गावासाठी जे बोललं गेलं होतं, ते मात्र वर्षानुवर्षं रखडत राहिलं. हे प्रकरण अभ्यासताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो निर्णयांचा क्रम. कोणती गोष्ट करारात आधी आकड्यांनिशी लिहिली गेली आणि कोणती ‘पुढे बघू’ म्हणून सोडली गेली, हे पाहिलं की फालमथमध्ये काय बिनसलं ते उलगडायला लागतं.

साखरेचं बंदर

फालमथ वसलं १७६९ मध्ये. ट्रेलॉनी परगण्याचं आधीचं मुख्य ठिकाण मार्था ब्रे हे नदीकाठी, थोडं आत होतं. जहाजांचा व्यापार वाढला तसं महत्त्व समुद्राकडे सरकलं. एडवर्ड बॅरेट या मळेवाल्याच्या जमिनीवर नव्या गावाची आखणी झाली. तेव्हाचा गव्हर्नर सर विल्यम ट्रेलॉनी मूळचा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, त्यामुळे परगण्याला त्याचं आडनाव मिळालं आणि गावाला त्याच्या जन्मगावाचं नाव. बंदरासाठी वस्ती हलण्याची इथली ही पहिली वेळ.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ट्रेलॉनीत नव्वदच्या आसपास ऊसमळे होते. साखर आणि रम बैलगाड्यांतून फालमथच्या धक्क्यांवर यायची, आणि भर हंगामात बंदरात एका वेळी तीस-तीस शिडाची जहाजं नांगरलेली असत. त्याच बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसंही उतरवली जात. जॉन थार्प या एकाच मळेवाल्याच्या मालकीची हजारो गुलाम माणसं होती. त्याचं गावातलं घर आजही समुद्राच्या कडेला उभं आहे. फालमथच्या सुंदर इमारतींचं कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. खालचा मजला दगडाचा, वरचा लाकडाचा, खिडक्यांना झडपा, फुटपाथवर पुढे आलेला मजला आणि त्याखाली खांबांची ओळ: हे सगळं त्या पैशातून उभं राहिलं.

गावाची आखणी उत्तम होती, हेही खरं. रस्ते सरळ आणि रुंद. १७९९ मध्ये इथे पाणी पुरवणारी कंपनी स्थापन झाली. मार्था ब्रे नदीवर मोठा रहाट बसवून पाणी उचललं जायचं, तिथून ते गावातल्या चौकातल्या टाकीत यायचं. त्या चौकाला आजही वॉटर स्क्वेअर म्हणतात. न्यूयॉर्कच्या आधी आमच्याकडे नळाचं पाणी होतं, असं फालमथची माणसं अभिमानानं सांगतात. जहाजांना परतीच्या प्रवासासाठी गोडं पाणी लागायचं, त्यामुळे या सोयीचा बंदराच्या धंद्याशीही थेट संबंध होता.

मग गुलामगिरी संपली. १८३१ च्या नाताळात पश्चिम जमैकात गुलामांचा मोठा उठाव झाला. तो चिरडल्यावर गोऱ्या मळेवाल्यांच्या मिलिशियानं, म्हणजे स्थानिक सशस्त्र दलानं, फालमथमधलं बाप्टिस्ट प्रार्थनाघर पाडलं, कारण तिथला धर्मोपदेशक विल्यम निब गुलामांच्या बाजूचा समजला जायचा. निब इंग्लंडला गेला, तिथे त्यानं गुलामगिरीविरुद्ध जाहीर सभांमधून साक्ष दिली आणि परत आला. ३१ जुलै १८३८ च्या रात्री पूर्ण स्वातंत्र्याची घटका भरली, तेव्हा फालमथमध्ये एक शवपेटी पुरण्यात आली. तिच्यात चाबूक, साखळदंड आणि लोखंडी गळपट्टा ठेवला होता. ब्रिटिश सरकारनं साम्राज्यातल्या गुलाममालकांना एकूण २ कोटी पौंड भरपाई दिली. ज्यांच्या गळ्यात ते पट्टे होते, त्यांना काहीच दिलं नाही. निबनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जमिनी घेऊन मुक्त झालेल्यांसाठी नवी गावं वसवली, कारण मळ्याच्या जमिनीवर राहायचं तर मळेवाल्याच्या अटींवर काम करावं लागे.

साखर घसरली. वाफेवरची जहाजं मोठी होत गेली. फालमथच्या बंदराला प्रवाळाचा अडसर, आत यायची वाट अरुंद आणि पाणी उथळ. १८९४ मध्ये आगगाडी माँटेगो बे गावापर्यंत पोहोचली. ती फालमथवरून गेली नाही. केळ्यांचा नवा व्यापार साहजिकच रेल्वे असलेल्या बंदरांकडे वळला. त्याच वर्षी फालमथनं व्हिक्टोरिया राणीच्या दोन नातवांच्या नावानं अल्बर्ट-जॉर्ज बाजाराची इमारत बांधली. हातातला धंदा जात असतानाही गाव बाजार उभारत होतं, ही गोष्ट मला फालमथच्या स्वभावाबद्दल बरंच काही सांगते.

पुढची शंभरएक वर्षं बंदर जवळजवळ झोपलेलंच होतं. पैसा नाही म्हणून जुनं पाडून नवं बांधणंही फारसं झालं नाही. १८१५ चं न्यायालय १९२६ मध्ये आगीत सापडलं, ते पुन्हा बांधलं. बाकी घरं सडत, झिजत, पण उभी राहिली. १९९६ मध्ये जमैका सरकारनं फालमथला राष्ट्रीय वारसा क्षेत्र जाहीर केलं. २००० नंतरच्या दशकात ‘फालमथ हेरिटेज रिन्यूअल’ या संस्थेनं इथल्या तरुणांना सुतारकाम आणि गवंडीकाम शिकवून एकेक जुनं घर दुरुस्त करायला घेतलं. काम हळू चालायचं, पण त्यातून कसब गावातल्याच पोरांच्या हातात येत होतं.

आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांनी हा परिसर कळत-नकळत पाहिलेला आहे. २००७ च्या विश्वचषकाचा उद्घाटन सोहळा फालमथजवळच्या ट्रेलॉनी स्टेडियमवर झाला होता.

कराराचं गणित

रॉयल कॅरिबियन कंपनी २००९ पासून ओअ‍ॅसिस वर्गाची जहाजं पाण्यात उतरवणार होती. एवढी जहाजं घेऊ शकतील असे धक्के कॅरिबियनमध्ये मोजके होते. जमैकात ओचो रिओस आणि माँटेगो बे इथे क्रूझ बंदरं होती, पण या मापाची नव्हती. कंपनीला नवं ठिकाण हवं होतं, जमैकाच्या बंदर प्राधिकरणाला पर्यटक हवे होते. फालमथकडे ऐतिहासिक गाव होतं, आणि किनाऱ्याला लागून बांधायला जागा होती.

वाटणी साधारण अशी झाली. समुद्रातलं काम, म्हणजे गाळउपसा, वाट खोल करणं, धक्का आणि भराव, प्राधिकरणानं कर्ज काढून करायचं. जमिनीवरची दुकानं, चौक आणि करमणुकीच्या जागा यांत कंपनीनं पैसा घालायचा. खर्च दोघांत जवळपास निम्मा-निम्मा. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण यातला सगळ्यात मोठा निर्णय या वाटणीतच दडलेला होता. सार्वजनिक पैसा गेला पाण्याखाली, जिथून थेट भाडं येत नाही. प्रवासी जिथे खिशात हात घालतो ती जागा आखायची मुभा मिळाली कंपनीला. कंपनीनं तिच्या दृष्टीनं योग्य तेच केलं. कुंपणाच्या आत फालमथच्या जुन्या घरांसारखी दिसणारी नवी घरं बांधली आणि त्यांत दागिन्यांची, घड्याळांची, मद्याची दुकानं आणि पोहण्याच्या तलावासह खानपानगृह थाटलं. खरी जुनी घरं कुंपणापलीकडे, चालत पाच-दहा मिनिटांवर.

गावाच्या वाट्याचं काय? फुटपाथ, गटारं, सांडपाणी, सार्वजनिक स्वच्छतागृहं, गाड्या उभ्या करायच्या जागा, विक्रेत्यांसाठी गाळे, जुन्या इमारतींची डागडुजी. या सगळ्याबद्दल घोषणा होत्या. पण पहिलं जहाज यायच्या आधी अमुक एवढं पूर्ण झालंच पाहिजे, असं बंधन यांतल्या कशालाच नव्हतं. वाट किती खोल हवी हे मीटरमध्ये लिहिलेलं असतं, कारण त्याशिवाय जहाज आत येऊच शकत नाही. गटार नसलं तरी जहाज येतं.

प्रवाळ उचलणारे हात

या प्रकल्पातला एक भाग मात्र मनापासून दाद द्यावी असा आहे. ज्या पट्ट्यात खोदकाम होणार होतं तिथे प्रवाळाची भिंत होती. जमैकाच्या पर्यावरणविषयक परवान्याची अट अशी की खोदण्याआधी जिवंत प्रवाळ शक्य तितकं हलवायचं. ऑगस्ट २००९ ते एप्रिल २०१० या काळात पाणबुड्यांनी हे काम केलं. हातोडी आणि छिन्नीनं प्रवाळाचा एकेक तुकडा तळापासून सोडवायचा, टोपलीत ठेवून होडीनं नव्या जागी न्यायचा, खडक घासून साफ करायचा, सिमेंटचा गोळा दाबून त्यावर तो तुकडा बसवायचा आणि लाटेनं हलत नाही ना ते पाहायचं. असे एकूण १,४७,९४७ जीव हलवले गेले. त्यांत बहुसंख्य कठीण आणि मऊ प्रवाळ, बाकी स्पंज आणि हजाराहून थोडे जास्त सागरी साळिंदर.

सागरी साळिंदरांनाही नेलं, हे बघून बरं वाटतं. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवण्याचं काम हा काटेरी प्राणी करतो. १९८३-८४ मध्ये एका रोगानं कॅरिबियनभर काळे साळिंदर मेले आणि त्यानंतर जमैकाच्या प्रवाळांवर शेवाळाची चादर पसरली. ज्यानं ही योजना आखली त्याला प्रवाळ जगतं कसं ते ठाऊक होतं.

तरीही हलवलेलं प्रवाळ म्हणजे वाचवलेली भिंत नव्हे. हजारो वर्षं साठत गेलेला चुनखडीचा सांगाडा जागेवरच खोदला गेला. किनाऱ्यावर येणारी लाट मोडायचं काम त्या वाटेत आता कोणी करत नाही. मासेमारांची जवळची जागा गेली आणि त्यांना दूर जावं लागलं. छोट्या होडीवाल्याला प्रत्येक वाढीव मैल पेट्रोलच्या पैशात मोजावा लागतो.

गावाच्या पूर्वेला ऑयस्टर बे हे खारं सरोवर आहे. रात्री त्याच्या पाण्यात हात फिरवला की निळसर उजेड पेटतो. पायरोडिनियम बहामेन्स नावाचे सूक्ष्म जीव ढवळल्यावर चमकतात, त्यामुळे हे होतं. असं पाणी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. खाडी उथळ हवी, तोंड अरुंद हवं म्हणजे जीव समुद्रात वाहून जात नाहीत, भोवती खारफुटी हवी म्हणजे त्यांना पोषण मिळतं, आणि इथे मार्था ब्रे नदीचं गोडं पाणी वर तरंगत राहतं. बंदराच्या खोदकामाच्या वेळी या सरोवराची काळजी अनेकांनी बोलून दाखवली होती. रात्रीच्या नावा तिथे अजूनही फिरतात. पण किनारा बदलत राहिला तर हे पाणी सर्वांत आधी बिघडेल. त्यावर कायमची नजर हवी, एकदाच केलेला अहवाल पुरत नाही.

फाटकाशी

जहाज सकाळी लागतं. प्रवाशांपैकी अनेकांनी सहल आधीच, जहाजावरूनच विकत घेतलेली असते. कपड्यावर क्रमांकाचा चिकटपट्टा लावून ते रांगेत उभे राहतात आणि वातानुकूलित बसमध्ये बसतात. कोणी डन्स रिव्हर धबधब्याला, म्हणजे ओचो रिओसकडे. कोणी माँटेगो बेच्या वाळूवर. कोणी मार्था ब्रेच्या बांबूच्या तराफ्यांवर. बस फाटकातून निघते ती गाव ओलांडून थेट हमरस्त्याला लागते. दुपारी परत आल्यावर तास-दीड तास उरतो, तो कुंपणाच्या आतल्या दुकानांत जातो. मग जहाज सुटतं.

फाटकाबाहेर लाकडी मूर्ती कोरणारे, वेण्या घालून देणाऱ्या बायका, अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात जर्क चिकन भाजणारे आणि टॅक्सीवाले उभे असतात. आत शिरायला परवाना लागतो, आणि वाहतुकीचे परवाने पर्यटन संघटनांच्या गाड्यांकडे असतात. त्यामुळे बाहेरच्यांच्या वाट्याला तेवढेच प्रवासी येतात जे स्वतःहून पायी बाहेर पडतात. माणसं जास्त, गिऱ्हाईक थोडं, म्हणून बाहेर पडलेल्या प्रत्येकाभोवती गराडा पडतो. प्रवासी त्रास झाल्याची तक्रार करतो, जहाजावरून सावधगिरीच्या सूचना येतात, आणखी कमी लोक बाहेर पडतात, गराडा आणखी घट्ट होतो. या चक्राला विक्रेत्यांचा उद्धटपणा जबाबदार धरणं सोपं आहे, पण ते खरं नाही. फाटक ज्या तऱ्हेनं आखलं, त्यातूनच ही गर्दी जन्मली.

फालमथचा आठवडी बाजार जमैकाभर प्रसिद्ध. जमिनीवर माल मांडतात आणि गिऱ्हाइकानं वाकून घ्यायचा, म्हणून त्याला ‘बेंड डाउन मार्केट’ म्हणतात. बेटाच्या कानाकोपऱ्यातून बायका कपडे, भांडी, कंद घेऊन येतात. पर्यटन म्हणजे नीटनेटकेपणा अशी समजूत झाली की अशा बाजाराकडे अडचण म्हणून पाहिलं जातं आणि विक्रेत्यांना इथून उठवून तिथे बसवण्याचे खटके सुरू होतात. फालमथमध्ये ते अनेकदा उडाले. माझ्या मते परदेशी पाहुण्याला दाखवावं असं गावात सगळ्यात जिवंत काही असेल तर हा बाजारच.

हॅम्पडेन व्हार्फवर हस्तकलाकारांसाठी गाळ्यांचं गाव उभारायचं काम बंदर प्राधिकरणानं हाती घेतलं, तेव्हा पहिलं जहाज येऊन कित्येक वर्षं उलटली होती. तोवर प्रवाशांच्या, बसवाल्यांच्या आणि विक्रेत्यांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या. पहिल्या हंगामात जी जागा मिळाली असती तर धंदा बसला असता, तीच उशिरा मिळाली की आधी ग्राहकाला तिथवर वळवण्याची लढाई लढावी लागते.

फायदा झालाच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. अल्पावधीत फालमथ प्रवासीसंख्येत जमैकाचं आघाडीचं क्रूझ बंदर बनलं. दुकानांत, बसवर, तराफ्यांवर गावातल्या आणि परगण्यातल्या अनेकांना काम मिळालं. मार्था ब्रेचा तराफावाला जहाजाच्या दिवशी चांगली कमाई करतो. इथल्या धक्क्याला लागणाऱ्या जहाजांवर गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, आणि मुंबई-कोकणातली पोरंही राबत असतात. जमैकातल्या करमुक्त दुकानांच्या धंद्यात सिंधी घराणी जुनी आहेत. फालमथचं बंदर त्यामुळे आपल्यापासून वाटतं तितकं लांब नाही.

एकाच गिऱ्हाइकाचा धंदा

साखरेच्या काळात फालमथ एका मालावर जगलं आणि त्या मालाबरोबर बुडालं. नव्या बंदराची मदार एका प्रकारच्या जहाजावर आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘हार्मनी ऑफ द सीज’ धक्क्याला लागताना, जहाज दोरांनी बांधून ठेवायच्या पाण्यातल्या बुरुजांना धडकलं आणि मोठ्या जहाजांच्या फेऱ्यांवर परिणाम झाला. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे क्रूझ जगभर थांबल्या आणि धक्का ओस पडला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जमैकात पहिलं जहाज परतलं ते ओचो रिओसला; फालमथला आणखी थांबावं लागलं. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ पश्चिम जमैका चिरत गेलं आणि ट्रेलॉनीलाही त्याचा जबर तडाखा बसला. प्रत्येक वेळी कंपनीला मार्ग बदलण्याचा पर्याय होता; जहाज दुसऱ्या बेटाकडे वळवता येतं. फाटकाबाहेरच्या मूर्तिकाराला तो नव्हता.

याहून मोठा धोका शांतपणे वाढतो आहे. क्रूझ कंपन्या आता स्वतःच्या मालकीचे किंवा भाड्याचे किनारे विकसित करतात. रॉयल कॅरिबियननं बहामाजमधलं कोकोके बेट २०१९ मध्ये नव्यानं खुलं केलं. तिथे घसरगुंड्या, तलाव, खाणंपिणं सगळं कंपनीचंच. वाळू, पोहणं आणि दुकानं एवढ्यावरच फालमथनं स्पर्धा केली तर ते हरणार, कारण तसं ठिकाण कंपनी कुठेही बांधू शकते. रहाटाच्या पाण्यावर वाढलेलं गाव, साखळदंड पुरलेली जमीन, लाकडी मजल्यांची दोनशे वर्षं जुनी घरं आणि वाकून घ्यायचा बाजार कोकोकेला मिळणार नाही.

म्हणून धक्क्याच्या दुरुस्तीचा किंवा वाढीचा पुढचा करार होईल तेव्हा जहाजाला लागणाऱ्या खोलीच्या शेजारीच, त्याच पानावर, काही आकडे लिहिले जावेत असं मला वाटतं. फाटकापासून वॉटर स्क्वेअरपर्यंत सावलीचा किती मीटर फुटपाथ, किती स्वच्छतागृहं, स्थानिकांना कुंपणाच्या आत किती गाळे आणि किती भाड्यानं, दरवर्षी किती जुनी घरं गावातल्या सुतार-गवंड्यांकडून दुरुस्त होणार, आणि दर प्रवाशामागच्या शुल्कातला किती हिस्सा ट्रेलॉनीच्या नगरपालिकेच्या खात्यात थेट जमा होणार. यातलं जे पूर्ण नसेल, त्यासाठी जहाजाची तारीख पुढे ढकलायची तयारी प्राधिकरणानं ठेवावी. २००९-१० मध्ये प्रवाळ हलवणाऱ्या पाणबुड्यांचं काम संपेपर्यंत त्या पट्ट्यात खोदकाम करायचं नाही, ही अट पाळली गेलीच होती.